महागडं फाउंटन पेन घ्यायचंय, पण कुणाकडून?

रेघोटी

मी रोज हाताने लिहिते. टिपणं, पत्रं, कामाचे कच्चे मसुदे, सगळं आधी कागदावर उतरतं आणि मग संगणकावर जातं. आजवर स्टीलच्या निबवर भागवलं. आता सोन्याच्या निबचं एक चांगलं पेन घ्यायचं ठरवलंय, आयुष्यभर वापरायच्या हिशेबाने.

पेन कोणतं ह्यावर फार डोकेफोड उरलेली नाही. यादी तीनवर आली आहे: पेलिकनचं सूव्हरेन एम८००, पायलटचं कस्टम ८२३ आणि लॅमी २०००. घोडं अडलंय ते दुकानापाशी. तेच पेन, तोच रंग, तीच निब, आणि चार विक्रेत्यांच्या चार किमती. एक जण स्वतःला अधिकृत म्हणवतो, दुसरा म्हणतो की माल थेट परदेशातून येतो म्हणून स्वस्त, तिसऱ्याकडे 'जुनं पण न वापरलेलं' आहे. शोरूममध्ये पेन काचेच्या कपाटात असतं आणि लिहून बघू का म्हटलं की चेहरे बदलतात.

तर अनुभवी मंडळींना विचारायचंय की विक्रेता खरा आणि चांगला आहे हे कसं ओळखता? स्वस्त मिळणाऱ्या मालात नेमका काय धोका असतो? आणि पेन हातात न घेता, लांबून मागवणं शहाणपणाचं आहे का?

---

टीपकागद

माझाही हाच प्रश्न आहे. जागा धरून बसतोय.

---

जुनी_दौत

सुरुवात उलटीकडून करा. बहुतेक लोक आधी दुकान शोधतात आणि मग ते अधिकृत आहे का ते दुकानालाच विचारतात. 'नाही' कोण म्हणेल? त्यापेक्षा पेन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा. बहुतेक मोठ्या कंपन्या तिथे आपल्या विक्रेत्यांची यादी देतात. त्या यादीत दुकानाचं नाव, पत्ता आणि संकेतस्थळाचा पत्ता तिन्ही जुळतात का ते पाहा. नुसतं नाव जुळून उपयोग नाही, कारण नामांकित दुकानाच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून बनावट संकेतस्थळं काढणारे आहेत.

यादीत नाव सापडलं नाही तर कंपनीला सरळ लिहून विचारा. लोक ह्याचा विनाकारण संकोच करतात.

---

निबनिरीक्षक

जुनी_दौत ह्यांचं बरोबर आहे, पण अधिकृत असणं ही पहिली पायरी झाली. अधिकृत दुकानातूनही वाईट निब गळ्यात पडू शकते.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण महागड्या पेनांविषयी मोठा गैरसमज असतो की किंमत जास्त म्हणजे निब निर्दोषच येणार. निबच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक गोळा बसवतात, मधोमध चीर पाडतात आणि मग तो घासून गुळगुळीत करतात. ह्यातला बराचसा भाग माणसाच्या हातचा असतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून निब समोरून बघितली तर दोन्ही टाइन्स, म्हणजे चिरेच्या दोन बाजूंची पाती, एका पातळीत दिसायला हव्यात. एक जरी केसभर वर असली तर एका दिशेची रेघ कागदाला खरवडते. मग चीर बघायची. प्रकाशासमोर धरल्यावर ती टोकाकडे हळूहळू अरुंद होत गेली पाहिजे. दोन्ही टाइन्स एकमेकांना घट्ट दाबून बसल्या असतील तर शाई कंजुषपणे उतरते, आणि टोकाशी फट असेल तर शाई कागदापर्यंत पोचतच नाही.

सगळ्यात फसवा दोष म्हणजे ज्याला बेबीज बॉटम म्हणतात तो. चिरेच्या आतल्या कडा जास्त घासल्या जाऊन गोल होतात. असं पेन हाताला लोण्यासारखं लागतं, दुकानात दोन रेघा ओढल्या की आपण खूश, आणि घरी दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाचा पहिला फटकारा कोरा जातो. कारण शाई कडांच्या आत अडकलेली असते आणि दाब दिल्याशिवाय कागदाला टेकत नाही. गुळगुळीत निबचं आकर्षण जितकं जास्त, तितका हा दोष जास्त आढळतो.

म्हणून विक्रेत्याला मी एक प्रश्न नेहमी विचारतो: पाठवण्याआधी निब तपासता का, आणि कशी? 'सगळी पेनं कंपनीतून तपासूनच येतात' असं उत्तर आलं तर तो फक्त खोकी विकतो. 'भिंगाखाली बघतो, शाईत बुडवून चार ओळी लिहितो, धुऊन पाठवतो, हवा तर निबचा फोटो पाठवतो' असं उत्तर आलं तर त्याच्याकडे थोडे जास्त पैसे द्यायला माझी अजिबात हरकत नसते.

---

अर्धविराम

वा! हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

---

कोरंपान

@निबनिरीक्षक, इथे असहमत. मी नवं पेन घेतो तेव्हा मला ते खरोखर नवं हवं असतं. दुसऱ्याने शाईत बुडवलेलं, धुतलेलं पेन मी नवं म्हणून का घ्यावं? भेट द्यायचं असेल तर प्रश्नच मिटला. सील न तोडलेलं खोकं हवं हा ग्राहकाचा साधा आग्रह आहे.

---

निबनिरीक्षक

आग्रह रास्त आहे, आणि चांगला विक्रेता तपासण्याआधी तुमची परवानगी घेतोच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. बऱ्याच कंपन्या स्वतःच पेन शाईने तपासून पाठवतात, त्यामुळे नव्या पेनाच्या फीडमध्ये (निबखालच्या, शाई टोकापर्यंत आणणाऱ्या भागात) शाईचा पुसटसा डाग दिसला तर लगेच वापरलेलं समजू नये. दुसरं म्हणजे, नुसतं भिंगाखाली बघायला शाई लागतच नाही. तेवढं तर कुठल्याही विक्रेत्याने करायलाच हवं.

---

टाकवेडी

मी काही वर्षं एका पेनांच्या दुकानात काम केलंय, म्हणून काउंटरच्या पलीकडून दोन शब्द.

लिहून बघू का विचारल्यावर चेहरे बदलतात कारण बुडवलेलं पेन धुवायला वेळ लागतो, आणि पिस्टन किंवा व्हॅक्यूम फिलरमध्ये, म्हणजे शाई थेट अंगातल्या टाकीत ओढणाऱ्या पेनात, चुकून शाई भरली गेली तर ते पुन्हा कोरं करणं जिकिरीचं असतं. पण चांगल्या दुकानात ह्यासाठी चाचणीची वेगळी पेनं असतात, निबच्या प्रत्येक जाडीचं एकेक. तुम्ही चाचणीच्या पेनावर जाडी ठरवता आणि मग तुमच्यासाठी नवं काढतात. तेव्हा 'हे पेन लिहून बघू का' असं न विचारता 'चाचणीची निब आहे का' असं विचारा. समोरच्याला कळतं की ह्या बाईंना विषय माहीत आहे, आणि संभाषणाचा सूरच बदलतो.

येताना स्वतःचा कागद आणा. दुकानातली वही जाड, गुळगुळीत कागदाची असते, तिच्यावर कुठलंही पेन छान चालतं. तुम्ही रोज ज्या कागदावर लिहिता त्याच्यावरच खरं कळतं. आणि नुसती सही किंवा वेलबुट्ट्या नकोत, नेहमीच्या वेगाने एक सबंध परिच्छेद लिहा. निबनिरीक्षक म्हणतात तो कोरा फटकारा तिसऱ्या-चौथ्या ओळीत दिसायला लागतो.

---

शाईशिंपी

किमतींच्या फरकावर कुणीच बोललं नाही अजून. मी स्पष्ट सांगतो, मी बहुतेक पेनं समांतर आयातीतून घेतो, म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून परदेशातून आलेला माल. पेन त्याच कारखान्यातून निघतं, त्याच निबने लिहितं. मधल्या वितरकाचा नफा मी का भरायचा?

---

जुनी_दौत

@शाईशिंपी, पेन तेच असतं ह्यात वाद नाही. फरक बिघडल्यावर कळतो. बऱ्याच कंपन्यांची हमी विक्रेत्याच्या शिक्क्याशी आणि खरेदीच्या तारखेशी बांधलेली असते. कोऱ्या हमीपत्राला अर्थ नसतो. काही कंपन्यांची हमी तर ज्या देशात माल विकला त्या देशापुरतीच चालते. निब बदलून द्यायची सोय असते तीही अधिकृत खरेदीवर, आणि तीही ठरावीक मुदतीत.

---

शाईशिंपी

मान्य. पण मग हिशेब पेनागणिक करा ना. धागाकर्तीच्या यादीतलंच बघा. लॅमी २००० हे १९६६ पासून जवळपास त्याच रूपात बनतंय, कणखर पेन आहे. तिथे मी धोका पत्करतो. एम८०० ची निब फीडसकट फिरवून बाहेर काढता येते, म्हणजे निबच खराब निघाली तरी दुसरी बसवता येते. पण लाखेच्या नक्षीचं, हाताने रंगवलेलं पेन असेल तर मीही समांतर आयातीच्या वाटेला जाणार नाही.

---

टीपकागद

एवढे प्रश्न विचारल्यावर दुकानदारच माझ्याकडे हमीपत्र मागेल :)

---

पूर्वेचावारा

लांबून मागवण्याबद्दल. मी जपानी पेनांचा भक्त आहे आणि जवळजवळ सगळी जपानमधल्या विक्रेत्यांकडून मागवतो. किंमत हे एक कारण, पण खरं कारण निबची विविधता. पायलटच्या कस्टम ७४३ मध्ये तिथे जितक्या प्रकारच्या निब मिळतात तितक्या बाहेरच्या दुकानांत क्वचितच दिसतात: लवचीक एफए, खाली वळवलेल्या टोकाची पोस्टिंग, वर वळवलेली वेव्हर्ली. सेलर कंपनीच्या नागिनाता तोगीचंही तसंच. धरण्याचा कोन बदलला की रेघेची जाडी बदलते अशी ती निब, आणि ती मिळवायला बरेचदा वाट बघावी लागते.

सावधगिरी दोन. जपानी फाइन ही युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते, सर्वसाधारणपणे एक पायरीने. पेलिकनची फाइन वापरणाऱ्याने पायलटची फाइन मागवली तर सुईने लिहितोय असं वाटेल. आणि आयात शुल्क आधी काढून मग किमतीची तुलना करा. पुष्कळदा सगळा फायदा तिथेच विरघळतो.

---

अर्धविराम

@पूर्वेचावारा, काही विक्रेते आपणहून म्हणतात की पाकिटावर किंमत कमी लिहून पाठवतो, शुल्क वाचेल. हे चालतं का?

---

पूर्वेचावारा

अजिबात नको. बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विमा जाहीर केलेल्या किमतीएवढाच मिळतो. आणि जो सरकारशी खोटं बोलायला इतक्या सहज तयार आहे, तो तुमच्याशी खरं बोलेल ह्याची खात्री काय? अशी ऑफर आली की मी तिथे खरेदी करत नाही.

---

सहीबहाद्दर

बनावट मालाबद्दल लिहितो, कारण माँ ब्लाँ कंपनीची पेनं घेणाऱ्यांना हा त्रास सगळ्यात जास्त.

माइस्टरश्टुक १४९ हे १९५२ पासूनचं पेन. ते पिस्टन फिलर आहे, मागचा गोल भाग फिरवून थेट बाटलीतून शाई ओढतं. कुणी '१४९' म्हणून पेन दाखवलं आणि उघडल्यावर आत कन्व्हर्टर, म्हणजे काढता येणारी शाईची नळी, निघाला तर पुढचं काही बघायची गरज नाही, ते बनावट आहे. शाईचं काडतूस आणि कन्व्हर्टरवर चालणारं १४५ वेगळं आणि आकाराने लहान. निबवर ४८१० कोरलेलं असतं, पण ते आता नकली मालावरही असतं. क्लिपच्या कड्यावरच्या क्रमांकाचंही तेच. एकच खरा क्रमांक शेकडो नकली पेनांवर छापता येतो, त्यामुळे क्रमांक आहे म्हणून अस्सल असा निष्कर्ष काढू नका. खोकं, पुस्तिका, पिशवी, सगळ्याची नक्कल होते.

अशा कंपनीचं पेन घ्यायचं तर त्यांच्या स्वतःच्या दालनातून किंवा त्यांनी नेमलेल्या विक्रेत्याकडून घ्यावं. दालनात सवलत मिळत नाही, पण निबची जाडी हाताला जमली नाही तर बदलून देण्याची सोय तिथेच नीट होते. घ्यायच्या आधी मुदत विचारून ठेवा.

---

टाकवेडी

अवांतर: ४८१० म्हणजे माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. प्लॅटिनम कंपनीच्या ३७७६ सेंच्युरी पेनातला आकडा फुजी पर्वताचा. पेनवाल्यांना डोंगरांचं भारी वेड!

---

टीपकागद

म्हणजे खिशाला भार पडतो तो उगाच नाही.

---

गतशतक

'जुनं पण न वापरलेलं' ह्या तिसऱ्या पर्यायाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी.

जुन्या पेनांच्या बाजारात न वापरलेलं म्हणजे चालू स्थितीतलं असं नव्हे. रबर वापराविनाही म्हातारं होतं. पार्कर ५१ हे १९४१ मध्ये बाजारात आलं. त्याच्या पहिल्या, व्हॅक्युमॅटिक प्रकारात रबराचा पडदा असतो. तो बदललेला नसेल तर पेन शाई ओढणारच नाही, मग ते खोक्यातून कधी बाहेर आलेलं नसलं तरी. १९४८ पासून आलेल्या एअरोमेट्रिक प्रकारातली शाईची पिशवी मात्र इतकी टिकाऊ की आजही कित्येक पेनं नुसती धुऊन चालू होतात. तेव्हा जुनं ५१ विकणाऱ्याला पहिला प्रश्न: ह्यात शाई भरायची पद्धत कुठली? गडबडला, तर त्याला आपण काय विकतोय तेच माहीत नाही.

दुसरा प्रश्न: दुरुस्त केलंय म्हणता, तर नेमकं काय काय बदललं? जाणकार माणूस सांगेल की पडदा बदलला, फीड साफ केली, टाइन्स जुळवल्या, टोपण आणि अंगावर इथे इथे ओरखडे आहेत. ज्याने फक्त पॉलिश केलंय तो 'एकदम नव्यासारखं' एवढंच म्हणत राहील. जास्त पॉलिशने कोरीव अक्षरं पुसट होतात, म्हणून चकचकीतपणा बघून हुरळू नये. अंगावरचा ठसा बोटाला लागतो का ते बघा.

जुनी पेनं लिलावाच्या संकेतस्थळांवर स्वस्त दिसतात, पण पहिलं पेन तिथून घेऊ नये असं माझं ठाम मत. दुरुस्ती करून विकणाऱ्या माणसाकडून घ्या. तो पुढेही ते पेन सांभाळून देतो.

---

कोरंपान

ह्यावरून आठवलं. कंपनीच बंद पडली तर? ओमास २०१६ मध्ये बंद झाली. त्यांची सुंदर पेनं अजून विक्रीला दिसतात. सुटे भाग कोण देणार?

---

गतशतक

स्वतंत्र कारागीर देतात, पण वेळ लागतो आणि खर्चही जास्त. ओमासच्या प्रेमात असाल तर जरूर घ्या, फक्त विक्रेत्याला विचारा की पिस्टनचं सील गेलं तर तुम्ही कुणाकडे पाठवता? ज्याच्याकडे त्याचं तयार उत्तर असेल त्याच्याकडून घ्या.

---

लाखेचीडबी

एक वेगळी वाट सुचवते. दुकान सोडून थेट कारागिराकडे जा.

छोटे, स्वतंत्र पेन बनवणारे आता भरपूर आहेत. त्यांच्यातले बरेच जण निब स्वतः बनवत नाहीत, जर्मनीतल्या बॉक किंवा योवो कंपनीची बसवतात. हा दोष नाही, उलट फायदा. सहा नंबरची योवो निब खराब झाली तर नवी घेऊन स्वतः फिरवून बसवता येते. पैसा अंगाच्या घडणीवर जातो: एबोनाइट (कडक केलेलं रबर), लाख, जुनं सेल्युलॉइड. मी घेतलेल्या पेनाच्या कारागिराने लाकडी नमुने पाठवून माझ्या पकडीची जाडी विचारली होती. पकड अंगठ्यापाशी अर्धा मिलिमीटर कमी केली आणि तेवढ्याने माझं मनगट दुखायचं थांबलं. असं कुठलं दुकान करेल?

जपानमध्ये नाकाया ही कंपनी हे काम मोठ्या प्रमाणावर करते. एबोनाइटवर उरुशी लाखेचे थर, निब प्लॅटिनम कंपनीची, आणि तुम्ही कसं लिहिता ते विचारून ती जुळवून देतात. मात्र थांबायची तयारी हवी. उरुशीचा प्रत्येक थर दमट हवेत मुरावा लागतो, घाई केली तर ती लाख राहत नाही.

---

शाईशिंपी

@लाखेचीडबी, सुंदर, पण परत करायची सोय? तुमच्या मापाने बनवलेलं पेन कारागीर परत घेणार नाही. पहिल्याच सोन्याच्या निबला हा जुगार मी खेळणार नाही. आपली पकड आणि आपली जाडी आधी कळू दे, मग मापाचं पेन.

---

लाखेचीडबी

हे मात्र पटलं.

---

निबनिरीक्षक

पेनांची प्रदर्शनं राहिली. जिथे भरतात तिथे एका दिवसात इतकी पेनं हातात घेता येतात जितकी दुकानांत वर्षभरातही जमणार नाहीत. निब घासून देणारे कारागीरही तिथे टेबल मांडून बसतात, तुमच्यासमोर निब तुमच्या कोनाला जुळवतात. फक्त नवीन पेनाची निब घासायला देण्याआधी लक्षात घ्या की एकदा घासली की कंपनीची हमी सहसा संपते. आधी ती तशीच वापरा, दोष कंपनीचा असेल तर कंपनीलाच निस्तरू द्या.

---

अर्धविराम

धागा जरा भरकटतोय का? रेघोटी कुठे गेल्या?

---

रेघोटी

इथेच आहे, सगळं वाचतेय आणि वहीत उतरवून घेतेय. मनापासून आभार सगळ्यांचे.

दरम्यान गृहपाठ केला. कंपन्यांच्या याद्या बघितल्या, तर ज्याच्या संकेतस्थळावर 'अधिकृत' असं ठळक लिहिलं होतं त्याचं नाव यादीत नाहीच. यादीतल्या दोन दुकानांना निबनिरीक्षकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पहिल्याचं उत्तर शब्दशः तेच आलं, 'सगळी पेनं कंपनीतून तपासूनच येतात'. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी उलट मलाच प्रश्न विचारले. पेन कसं धरता, टोपण मागे लावून लिहिता की काढून ठेवता, अक्षर लहान की मोठं, कागद कुठला. माझ्या अक्षराचा फोटो मागवून घेतला. मग म्हणाल्या, तुम्ही पेन लिहिताना बोटांत थोडं फिरवता असं दिसतंय, लॅमी २००० ची निब ठरावीक कोनातच गोड चालते, ते तुम्हाला त्रास देईल. मला पेन विकायचं असताना यादीतलं एक नाव त्यांनी आपणहून कापलं!

आता एम८०० की ८२३ एवढंच उरलंय. ह्यात वापरणाऱ्यांचं काय मत?

---

जुनी_दौत

दुकान मिळालं तुम्हाला. बाकी तपशील राहिला.

---

पूर्वेचावारा

८२३ वापरतो, जिवापाड आवडतं. एक मात्र माहीत असू द्या. ते व्हॅक्यूमने भरतं. दांडा मागे ओढून आत ढकलला की एका झटक्यात शाई भरते, आणि मागचं बोंड पूर्ण घट्ट केलं की टाकी बंद होते, म्हणजे शाई निबकडे जात नाही. प्रवासात हे वरदान आहे. पण सलग लिहायला बसलात तर ते बोंड जरासं सैल करावं लागतं. हे न सांगता पेन विकणारे पुष्कळ, आणि मग 'दोन पानांनंतर शाई आटते' म्हणून तक्रारी येतात. त्या बाईंना ८२३ बद्दल विचारून बघा. त्यांनी हे आपणहून सांगितलं तर समजा की त्या माहीतगार आहेत.

---

टाकवेडी

एम८०० माझ्याकडे आहे. पिस्टनची यंत्रणा पितळेची, त्यामुळे तोल किंचित मागे झुकतो. टोपण मागे लावून लिहिलंत तर लहान हाताला जड होईल, काढून ठेवलंत तर तोल अप्रतिम. निब अठरा कॅरटची आणि ओघ सढळ. पातळ कागदावर लिहीत असाल तर एक पायरी बारीक निब घ्या.

---

रेघोटी

टोपण मी काढूनच ठेवते. आणि हो, ८२३ च्या बोंडाची गोष्ट त्यांनी विचारायच्या आधीच सांगितली!

सगळा विचार करून एम८०० ठरवतेय, फाइन निब. रोज पानंच्या पानं लिहायची तर सैल-घट्ट करत बसण्यापेक्षा पिस्टन बरा वाटतो. दुकान लांब आहे, त्यामुळे पेन कुरिअरनेच येईल. पैसे देण्याआधी अजून काय विचारू?

---

सहीबहाद्दर

एकच, पण महत्त्वाचं. शाई लावल्यावर पेन परत घेता का?

इथे बरेच जण फसतात. बहुतेक दुकानांची अट असते की पेन कोरं असेल तरच परत घेऊ. आणि निबचे बरेच दोष तर शाई लावल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून आधीच लेखी विचारून घ्या: शाईत बुडवून एक पान लिहिलं, टाकीत भरली नाही, आणि निबमध्ये दोष निघाला, तर बदलून द्याल का? चांगला विक्रेता हो म्हणतो. पैसे कार्डाने द्या, म्हणजे वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. हमीपत्रावर शिक्का आणि तारीख आहे ना ते त्याच दिवशी बघा.

---

निबनिरीक्षक

आणि बुडवण्याआधी भिंग. दोष भिंगातच दिसला तर शाईचा प्रश्नच येत नाही. बुडवायचं झालंच तर साधी, सहज धुतली जाणारी निळी शाई घ्या. पहिल्याच दिवशी चमकीची किंवा कायम टिकणारी शाई नको, ती फीडमधून काढता काढता नाकीनऊ येतात.

---

रेघोटी

विचारलं. लेखी उत्तर आलं: बुडवून लिहिलेलं चालेल, टाकी कोरी हवी, कळवायची मुदत दोन आठवडे. शिवाय पाठवण्याआधी निबचा समोरून काढलेला फोटो पाठवणार आहेत. ऑर्डर दिली!

किंमत चौघांत दुसऱ्या क्रमांकाची जास्त आहे, आणि ती द्यायला मला आता जराही जड वाटत नाहीये.

---

अर्धविराम

अभिनंदन! फोटो आला की इथे टाका, आम्हालाही टाइन्स बघू दे.

---

डावरा

उशिरा आलो, पण एक उपप्रश्न. मी डावखुरा आहे, ओळीच्या वरून हात वळवून लिहितो, म्हणजे निब पुढे ढकलली जाते. दुकानात चाचणीची पेनं माझ्या हातात खरखरतात आणि दुकानदार म्हणतात की सवय होईल. होते का?

---

टाकवेडी

@डावरा, सवयीवर महागडं पेन घेऊ नका. ढकलून लिहिताना टाइन्स जुळलेल्या नसल्या की उजव्यांना न जाणवणारा दोष तुम्हाला लगेच जाणवतो, म्हणजे तुमचा हात खरंच निब तपासतोय. निब जुळवून देणारा विक्रेता शोधा आणि त्याला लिहितानाचा व्हिडिओ पाठवा, नुसता अक्षराचा फोटो पुरणार नाही. फाइन किंवा मीडियम, गोल टोकाची निब मागा, तिरकस किंवा चपट्या टोकाची सध्या नको. आणि लवकर वाळणारी शाई. ह्यावर वेगळा धागा काढा, इथले बरेच डावखुरे लिहितील.

---

डावरा

काढतो. आभार.